फिल्टर बसतो, पण चालतो का?

मंडळी, मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो. तेव्हा ट्रकच्या ऑइल फिल्टरवर बोलायला हा मनुष्य कशाला आला, असे तुमच्या मनात आले तर ते अगदी रास्त आहे. ज्याने जन्मात कधी ट्रक चालवला नाही, हाताला जरासे ग्रीस लागले तर जो चार वेळा साबण लावतो, त्याने हा विषय का घ्यावा? त्याचे उत्तर असे की, या विषयाचे शिक्षण मला फार महाग पडले आहे. माझ्या थोरल्या भावाला ते माझ्याहून महाग पडले. आणि सर्वांत महाग पडले अशा एका माणसाला, की ज्याचा त्यात काडीचाही दोष नव्हता. ते शिक्षण तुम्हाला तरी फुकट मिळावे, एवढ्यासाठी हे भाषण.

आमचे गाव निफाड तालुक्यात. घरची शेती दादा बघतो. शेतीला जोड म्हणून त्याने २०१६ साली कर्ज काढून एक जुना दहाचाकी ट्रक घेतला. लासलगावचा कांदा भरायचा आणि आग्रा रोडने इंदूर, ग्वाल्हेर करीत दिल्लीच्या आझादपूर बाजारात उतरवायचा, हा त्या ट्रकचा नेहमीचा फेरा. गाडीवर पन्नाशीचे एक ड्रायव्हर होते. घरातली सगळी लहानथोर माणसे त्यांना मामाच म्हणत. मामांनी तीस वर्षे गाडी चालवली होती आणि गाडीला ते कधी 'गाडी' म्हणत नसत, 'ही' म्हणत. 'हिचं ऑइल बदलायला झालंय', 'हिला आज घाटात धाप लागली', अशी त्यांची भाषा.

२०१८ च्या डिसेंबरात दादाचा मला फोन आला. "शनिवारी ऑइल बदलायचंय. तू नाशकातच आहेस तर येताना फिल्टर घेऊन ये. मागच्या खेपेचा जुना डबा मामांबरोबर पाठवतो. त्याच्यावर नंबर आहे, तो बघून आण."

डबा आला. तेलाने आणि धुळीने त्यावरचा नंबर अर्धा पुसला होता. मी तो तसाच घेऊन एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "सर, गाडीचा इंजिन नंबर आहे का?" मी म्हटले, "इंजिन नंबर कशाला हवा? हा जुना डबा आहे ना, असाच एक द्या." त्याने तीन-चार खोकी उघडून समोर मांडली. त्यांतला एक डबा मी उचलून जुन्याच्या शेजारी ठेवला. उंची तीच, घेर तोच, तोंडाशी बसवलेले रबराचे कडे तेवढेच, मधल्या भोकाचे आटेही सारखे. शिवाय तो नेहमीच्यापेक्षा तीनशे रुपयांनी स्वस्त. आपण काहीतरी हुशारी केली अशा समाधानात मी घरी आलो. शनिवारी फिटरने तो डबा हाताने फिरवून लावला. "बसला," फिटर म्हणाला. "बसला ना? मग बास," दादा म्हणाला.

मंडळी, 'बसला' या एका शब्दाने आमचा घात केला.

निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. डिसेंबर-जानेवारीत द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत मामा पहाटे चारला गाडी चालू करीत. दोन फेरे नीट झाले. तिसऱ्या फेऱ्याला, २०१९ च्या जानेवारीत, कांद्याने भरलेली गाडी सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट चढत असताना इंजिनात ठकठक असा आवाज होऊ लागला, ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला, आणि पाठोपाठ इंजिन जाम झाले. कांदा दुसऱ्या गाडीत भरून पुढे पाठवावा लागला. आमचा ट्रक टोचन लावून परत आणला.

त्या रात्री ओसरीवर पंचायत बसली. मामा एवढेच म्हणाले, "दिवा लागला तशी हिला बाजूला घेतली, दादा. शंभर पावलं पण पुढं नेली नाही." दादाने माझ्याकडे पाहिले, शिकलेला भाऊ ना मी! आणि मी काय केले? मी तर्क चालवला. दिवा लागताच गाडी थांबवली तर इंजिन वाचते. हे इंजिन वाचले नाही. त्याअर्थी गाडी थांबवली नव्हती. हे अनुमान मी वर्गात फळ्यावर लिहिले असते तर त्याच्या आकारात कोणालाही चूक काढता आली नसती. चूक होती ती पहिल्याच विधानात. आणि ते विधान खरे आहे की नाही, हे मी तपासलेच नव्हते. दादाने मामांचा दीड महिन्याचा पगार अडवला. मामा वाद घालीत बसले नाहीत. केबिनमधला देवाचा फोटो आणि आपली पिशवी घेऊन ते निघून गेले.

पुढे तीन आठवड्यांनी इंजिन उघडले. काम एका वयस्कर मिस्त्रींकडे होते. त्यांनी मुद्दाम निरोप पाठवून मला बोलावून घेतले आणि तेलाने माखलेला, सुपारीएवढा एक बोळा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, हा कागद कुठल्या पुस्तकातला?"

तो कागद मी आणलेल्या फिल्टरातला होता. मिस्त्रींनी करवतीने तो डबा कापला. मधली भोकाभोकांची पत्र्याची नळी पिळलेल्या लिंबासारखी चेपली होती आणि तिच्याभोवतीचा कागद फाटून त्याच्या चिंध्या झाल्या होत्या. मग त्यांनी जुना डबा कापला. त्याच्या तळाशी एक स्प्रिंग आणि स्प्रिंगवर बसलेले एक छोटे झाकण होते. नव्या डब्याच्या तळाशी तसे काही नव्हते. तिथे सरळ बंद पत्रा होता. मी म्हटले, "म्हणजे मला नकली माल दिला तर!" मिस्त्री म्हणाले, "नाही साहेब. माल अस्सल आहे. चांगला आहे. फक्त तुमच्या गाडीचा नाही."

आता ते झाकण काय करते, हे समजून घ्यायला पाहिजे. कारण फिल्टर निवडण्याची सारी मेख तिथेच आहे.

इंजिनाच्या खालच्या चेंबरमध्ये तेल साठलेले असते. पंप ते वर ओढतो आणि दाबाने फिल्टरात ढकलतो. फिल्टरात निऱ्या घातलेला कागद असतो. लुगड्याला निऱ्या घातल्या म्हणजे नऊ वार कापड जसे थोड्या जागेत मावते, तसा पुष्कळ कागद त्या लहानशा डब्यात मावतो. तेल बाहेरून या निऱ्यांतून गाळून मधल्या नळीत येते आणि तेथून इंजिनातल्या मुख्य वाटेने क्रँकच्या बेरिंगांना, कॅमला, टर्बोला पोहोचते. बेरिंग आणि क्रँक हे दोन धातू एकमेकांवर घासत नाहीत, ते एवढ्याचसाठी की त्यांच्यामध्ये तेलाचा एक पदर असतो. हा पदर किती जाड? माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गाडी भरलेली असताना बेरिंगमधला तेलाचा पदर काही ठिकाणी अवघ्या दोन-चार मायक्रॉनचा उरतो. तेवढ्या पदरावर आपला सारा कांदा दिल्लीला जातो!

आता थंडीच्या पहाटे तेल काकवीसारखे घट्ट झालेले असते. ते कागदातून लवकर जात नाही. पंप मात्र मागून ढकलतच असतो. किंवा कागद मळाने भरून गेलेला असतो, तरीही तीच अवस्था. अशा वेळी काय करायचे? आमच्याकडे नांदूरमधमेश्वरचा बंधारा आहे. पुराचे पाणी आले की त्याला वाट करून द्यावी लागते; नाहीतर बंधाराच धोक्यात यायचा. धरणाला सांडवा ठेवतात तोही यासाठीच. फिल्टरातले ते स्प्रिंगचे झाकण म्हणजे फिल्टरचा सांडवा. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की झाकण उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. मिस्त्रींच्या शब्दांत सांगायचे तर, "घाण तेल चार मिनिटं परवडतं, कोरडं बेरिंग एक मिनिट परवडत नाही." इंजिन तापले, तेल पातळ झाले, की झाकण आपोआप मिटते आणि गाळणे पुन्हा सुरू होते. वर्कशॉपमध्ये याला बायपास व्हॉल्व्ह म्हणतात.

काही इंजिनांत हा सांडवा फिल्टरच्या डब्यात असतो, तर काहींत फिल्टर ज्या बैठकीवर बसतो त्या बैठकीतच असतो. बैठकीत सांडवा असेल तर डब्यात त्याची गरज नाही. म्हणून त्या इंजिनांसाठी बिनझाकणाचे डबे काढतात. बाहेरून दोन्ही सारखे. तेच आटे, तेच रबर, तीच उंची. आमच्या इंजिनाला सांडवा डब्यातच हवा होता, आणि मी आणला बिनसांडव्याचा. दर थंड पहाटे तेलाचा सारा जोर त्या कागदावर आणि नळीवर येत राहिला. शेवटी नळी चेपली, कागद फाटला, त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत शिरले आणि एका बेरिंगच्या तोंडाशी बोळा अडकला.

मग मी विचारले, "पण दिवा लागताच गाडी थांबवली असती तर?" मिस्त्री हसले. "साहेब, दिवा बघतो तो मोठ्या वाटेतला दाब. गावच्या टाकीत पाणी आहे, पण एका घराचा नळ चोंदलाय, हे टाकीवरच्या माणसाला कळतं का? बेरिंग आधी गेलं. ते जाऊन फट पडली, तेव्हा दाब उतरला आणि दिवा लागला. तुमच्या ड्रायव्हरनं त्याच क्षणाला गाडी थांबवली तरी उपयोग नव्हता. आणि त्यानं थांबवली होती. नाहीतर क्रँकचे तुकडे झालेले दिसले असते."

म्हणजे दिवा लागताच थांबले की इंजिन वाचतेच, हे माझे पहिले विधान खोटे होते. त्यावरचे सारे तर्कशास्त्र वाया गेले. आणि एका माणसाची रोजी गेली.

असो. आता तुम्हाला ट्रकसाठी, ट्रॅक्टरसाठी किंवा जीपसाठीही फिल्टर घ्यायचा असेल तर तो कसा घ्यावा, ते क्रमाने सांगतो. हे मी मिस्त्रींकडून आणि पुस्तकांतून शिकलो, आणि आता दादाचा फिल्टर मीच आणतो.

पहिली गोष्ट, नंबर. फिल्टर गाडीच्या नावावरून घेऊ नये, इंजिनावरून घ्यावा. एकाच नावाचा ट्रक वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या इंजिनांनी येतो. धुराचे नियम बदलले तशी इंजिने बदलली. भारत स्टेज चार देशभर १ एप्रिल २०१७ पासून आणि भारत स्टेज सहा १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हा 'अमुक ट्रकचा फिल्टर द्या' एवढे म्हणणे पुरेसे नाही. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात फिल्टरचा नंबर दिलेला असतो. पुस्तक हरवले असेल तर चॅसिस नंबर आणि इंजिन नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे जावे. तो त्यावरून नेमका नंबर काढून देतो. तो नंबर वहीत लिहून ठेवावा आणि केबिनमध्येही चिकटवावा. दुसऱ्या कंपनीचा फिल्टर घेण्यात काही गैर नाही. मात्र तिच्या यादीत आपल्या मूळ नंबरासमोर तिचा कोणता नंबर दिला आहे, ते आपल्या डोळ्यांनी पाहून घ्यावा. जुन्या डब्याशी जुळवून घेण्यात आणखी एक खोच आहे. मागच्या खेपेला कोणी चुकीचा डबा लावला असेल, तर आपण ती चूक इमानाने पुढे चालवतो!

दुसरी गोष्ट, आटे. काही फिल्टरांचे आटे पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिलिमीटरचे असतात. काहींचे २० मिलिमीटरचे. मोठ्या इंजिनांचे याहून मोठे. वीस मिलिमीटरचा डबा पाऊण इंची आट्यावर चढतो. हाताला वाटते, बसला. पण पकड असते ती आट्यांच्या नुसत्या टोकांवर. दाब आला, धक्के बसले, की तो निसटतो आणि मिनिटाभरात चेंबरमधले सगळे तेल रस्त्यावर सांडते. हाताला एक मिलिमीटरचा फरक कळत नाही, म्हणून इथेही भरवसा नंबराचाच.

तिसरी गोष्ट, रबराचे कडे. त्याचा घेर आणि जाडी बैठकीशी जुळली पाहिजे. जुना डबा काढताना त्याचे रबर पुष्कळदा बैठकीलाच चिकटून राहते. ते न पाहता नवा डबा लावला तर रबरावर रबर बसते आणि दाब आला की तेल उडते. म्हणून बैठक फडक्याने पुसावी, बोट फिरवून पाहावे, नव्या रबराला थोडे तेल लावावे, आणि रबर टेकल्यावर डब्यावर छापले असेल तेवढेच फिरवावे. पान्ह्याने जीव खाऊन आवळू नये.

चौथी गोष्ट, सांडवा. तो सांगून झाला. एवढेच जोडतो की, झाकण आहे की नाही इतकेच पाहून भागत नाही. ते किती दाबाला उघडते हेही इंजिनाप्रमाणे ठरलेले असते. स्प्रिंग हलकी असेल तर झाकण वेळीअवेळी उघडते आणि तेल न गाळता जाऊ लागते. आमचे इंजिन घाटात एकदम गेले; अशा फिल्टराने ते हळूहळू, वर्ष-दीड वर्षात जाते, आणि मग कोणाला फिल्टरची आठवणसुद्धा होत नाही.

पाचवी गोष्ट, रबरी पडदा. काही गाड्यांत डबा आडवा किंवा उलटा बसतो. इंजिन बंद झाल्यावर त्यातले तेल खाली चेंबरमध्ये निघून जाऊ नये म्हणून तोंडाशी एक पडदा असतो. तो नसेल किंवा उन्हाळ्या-हिवाळ्याने कडक झाला असेल, तर दररोज सकाळी डबा रिकामा असतो आणि इंजिन चालू झाल्यावर पहिले काही क्षण बेरिंगे तेलाची वाट पाहत कोरडी फिरतात. सकाळी चालू करताना रोज खडखड आवाज येत असेल तर मिस्त्रीला हेही तपासायला सांगावे.

सहावी गोष्ट, कागदाची प्रत. चांगला फिल्टर म्हणजे सर्वांत बारीक गाळणारा फिल्टर नव्हे. चहाला धोतराच्या कापडाने गाळू लागलो तर चहा निवून जाईल! फिल्टरने पुरेसे गाळले पाहिजे, पुरेसा मळ पोटात ठेवला पाहिजे आणि तेल अडवताही कामा नये. या तीन गोष्टींचा मेळ घालायचा असतो. गाळण्याची परीक्षा घेण्याची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ठरावीक मापाचे कण मोजून फिल्टरात सोडतात आणि किती पलीकडे गेले ते मोजतात. पंचाहत्तर कण आत गेले आणि एकच पलीकडे गेला, तर त्या मापाच्या कणांपैकी शेकडा ९८.७ कण अडले, असा त्याचा हिशेब. म्हणून खोक्यावर नुसते 'वीस मायक्रॉन' असे छापले असेल तर त्यावर जाऊ नये. वीस मायक्रॉनचे शंभरातले किती कण अडतात, हा खरा प्रश्न. शंभरातले पन्नास अडवणाराही 'वीस मायक्रॉन' असेच छापू शकतो. भारत स्टेज सहाच्या इंजिनांत तेल बदलण्याचे अंतर पूर्वीपेक्षा पुष्कळ लांबले आहे. तेव्हा तेवढे अंतर टिकेल असाच फिल्टर त्यांना लागतो. काही नव्या गाड्यांत पत्र्याच्या डब्याऐवजी झाकणाच्या वाटीत बसणारे नुसते कागदी एलिमेंट असते. तिथेही नियम हेच. फक्त झाकणाची ओ-रिंग दर वेळी नवी घालावी.

सातवी गोष्ट, नकली माल. आमच्या बाबतीत माल अस्सल निघाला, पण बाजारात नकलीही असतो. पक्के बिल घ्यावे. खोक्यावरची छपाई, नंबर, सीलबंद वेष्टन नीट पाहावे. काही कंपन्या खोक्यावर तपासणीचे चौकोनी चिन्ह छापतात. ते मोबाइलवर तपासता येते. किंमत फारच कमी दिसली तर आनंदित न होता शंका घ्यावी. आणि आपले रिकामे खोके फाडून टाकावे, म्हणजे त्यात दुसऱ्या कोणाचा माल भरला जाणार नाही.

फिल्टर लावल्यावर इंजिन चालू करून दिवा विझतो ना, ते पाहावे. बैठकीशी तेल झिरपते का, ते पाहावे. थोड्या वेळाने बंद करून तेलाची पातळी पाहावी. डब्यावर तारीख आणि किलोमीटर रंगाने लिहावे. जुना डबा जमल्यास कापून पाहावा. कागदावर काळा मळ असणे साहजिक आहे. पण चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक लावून बघावे. चिकटले तर ते लोखंड. चिकटले नाहीत तर बहुधा बेरिंगचा धातू. मग मात्र नवा फिल्टर लावून गप्प बसू नये, मिस्त्रीला दाखवावे. इंजिन आपल्या दुखण्याची चिठ्ठी त्या कागदावर लिहून ठेवते. आपण ती न वाचता भंगारात टाकतो.

एक जुनी हकीकत सांगून हा भाग संपवतो. मोटारी निघाल्या तेव्हा त्यांना ऑइल फिल्टरच नव्हता. तेल वारंवार बदलावे लागे आणि इंजिने लवकर झिजत. अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलंड आणि जॉर्ज ग्रीनहाल्श या दोघांनी १९२३ साली मोटारीच्या तेलफिल्टराचे पेटंट घेतले, तेव्हापासून ही सोय आली. शंभर वर्षे होऊन गेली. आज एका डब्यामुळे इंजिन लाखो किलोमीटर चालते. इतक्या शांतपणे काम करणाऱ्या वस्तूकडे आपले लक्ष जाते ते ती चुकली की मगच.

मिस्त्रींकडून आलो त्याच संध्याकाळी मी आणि दादा मामांच्या घरी गेलो. इंजिनाच्या कामाला दोन लाखांच्या आसपास खर्च येणार होता आणि कर्जाचे हप्ते थकले होते. तरी दादाने आधी मामांचा पगार मोजून दिला. मी म्हटले, "मामा, फिल्टर मी आणला होता. न बघता आणला. आणि दोष तुम्हाला लावला, तोही मीच." ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, मला वाटलंच होतं तिच्यात काहीतरी अडकलंय. पहाटे ती निराळीच बोलायची. मी शनिवारी सांगणार होतो फिटरला. राहून गेलं." एवढे सारे होऊनही हा मनुष्य स्वतःचीच चूक शोधत होता!

मामा आमच्याकडे परत आले नाहीत. त्यांनी तोपर्यंत दुसरी गाडी धरली होती आणि दिलेला शब्द मोडणे त्यांना पसंत नव्हते. पण आग्रा रोडने जाताना कधी आमच्या ट्रकशेजारी त्यांची गाडी थांबली, तर ते आधी बॉनेटपाशी येतात आणि आमच्या नव्या ड्रायव्हरला विचारतात, "हिचा नंबर बघून घेतलाय ना?"

तेव्हा मंडळी, दुकानात गेलात तर 'बसेल का?' असे विचारू नका. त्याचे उत्तर पुष्कळदा 'बसेल' असेच येते, आणि ते खरेही असते. विचारायचे ते असे: 'हा याच इंजिनाचा आहे का?' आणि दुकानातल्या मुलाने तुम्हाला इंजिन नंबर विचारला, तर माझ्यासारखे त्याला गप्प करू नका. तो मुलगा माझ्यापेक्षा चांगला तर्कशास्त्री होता.